राधा कोम गोविंदा

परवा नातवानं हुरडा आणला. सावेडीत आमच्या इमारतीखाली थंडीच्या दिवसांत एक जण टेम्पो उभा करतो, त्यात पुड्या बांधलेल्या असतात. दाणे आधीच भाजलेले, आधीच पाखडलेले, सोबत चिमुकल्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी. नातू म्हणाला, "आजी, फक्त गरम करायचा." मी म्हटलं, "मग कर बाबा, आणि तूच खा." तरी चार दाणे तोंडात टाकले. गोडी होती, नाही असं नाही. पण हुरडा आधी हाताला चटका देऊन मग तोंडात जायला हवा. तळव्यावर गरम कणीस चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, हे झालं नाही तर मला तो हुरडा वाटतच नाही. म्हातारपणी माणूस असल्या गोष्टींवरून रुसतं, तशी मी रुसून बसले.

रुसण्याचं खरं कारण मात्र दुसरं होतं. हुरड्याचे दिवस आले की मला दरवर्षी एक नाव आठवतं, आणि त्याच्या जोडीनं दुसरं एक नाव आठवावंसं वाटतं, ते आठवत नाही. आठवणार कुठून? ते मला कधी कळलंच नाही.

स्वातंत्र्य यायच्या आदल्या हिवाळ्यातलं हे. मी व्हर्नाक्युलर फायनल होऊन घरी बसले होते. पोरीला मास्तरीण करायचं की तिचं लग्न लावायचं, हे मोठी माणसं ठरवणार होती आणि त्यांना काही घाई नव्हती. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा नगरातल्या एका शाळेत मास्तर होते. आमचं मूळ गाव इमामपूरच्या घाटाजवळ, तिथं चुलत्यांची कोरडवाहू ज्वारी. नगरात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं: अण्णा, आई, मी आणि आजी. आजीला शेजारपाजारचे राधाबाई म्हणत. बारीक अंगाची, तोंडात सदा मिश्री, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी हसू यावं आणि मग लागावं.

ही आजी अण्णांची सावत्र आई. घरात हे कुणी लपवलं नव्हतं आणि कुणी बोलूनही दाखवत नव्हतं. अण्णा रांगत होते तेव्हा गावात प्लेग शिरला. लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले आणि तिथंच एका झोपडीत अण्णांची आई गेली. वर्ष सरायच्या आत आजोबांनी दुसरं लग्न केलं. आजोबांचं नाव गोविंदा. नवी नवरी परकर सोडून नुकती लुगडं नेसायला लागलेली. सागरगोटे खेळायच्या वयात तिनं कडेवर जे पोर घेतलं, ते मोठं करूनच खाली ठेवलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. पुढं आजोबाही गेले. मग हिनं लोकांच्या रानात खुरपून अण्णांना शिकवलं, मास्तर केलं, त्यांचं लग्न लावलं.

जी गेली तिला आमच्या घराण्यात नुसतं "पहिली" म्हणत. पहिलीचा हंडा, पहिलीच्या वेळचं जातं. बस, एवढंच. तिचं नाव अण्णांनी कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी विचारायचं सुचलं नाही, आणि सुचायच्या वयात विचारायची सोय राहिली नाही, कारण ज्यांना विचारावं ती जुनी माणसं एकेक करून गेली होती. राहिली होती ती एकटी आजी. आणि तिला कसं विचारायचं? जिनं स्वतःच्या ताटातला घास काढून वाढवलं, तिच्यापुढं बसून "माझ्या आईचं नाव काय गं" म्हणायचं म्हणजे "तू माझी आई नव्हेस" असंच म्हणणं झालं. निदान अण्णांना तसं वाटायचं. अण्णा भित्रे नव्हते, हळवे होते. घरात दोन्हीचा परिणाम सारखाच होतो.

आजीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक असायचा. नखाएवढा पत्रा, त्यावर ठशानं उठवलेली बाई. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायची आमच्याकडं रीत होती. सवत मेली तरी मान तिचा, असा त्याचा अर्थ. आजी जेवायला बसली की पहिला घास त्या टाकाला लावायची, "घ्या बाई" म्हणायची आणि मग स्वतः खायची. नवं लुगडं आलं की त्याचा पदर आधी टाकाला. आजोबा गेले तेव्हा बायांनी तिचं मंगळसूत्र काढलं आणि टाकाला हात घातला. ती म्हणाली होती म्हणे, "ह्याला हात लावू नगा. ह्यो नवऱ्याचा न्हाई, ह्यो माजा आन् तिचा हाय." लहानपणी मला त्या टाकातल्या बाईची भीती वाटायची. आजी म्हणायची, "भितीस काय? लई गरीब हाय बिचारी. मी वाढीन तेवढंच खाती."

भाद्रपदात आमच्याकडं म्हाळ असे. पितरांना जेवू घालायचा तो दिवस. जोशीबुवा एकेक नाव घ्यायला लावायचे आणि अण्णा नाव घेऊन पाणी सोडायचे. पहिल्या वेळी, अगदी पोरवयात, आईच्या नावाशी अण्णा अडखळले, तेव्हा त्या वेळच्या म्हाताऱ्या जोशीबुवांनी सुचवलं होतं, "ठाऊक नाही ना? गंगा म्हण. पाणी पोचतं." तेव्हापासून अण्णांची आई गंगा. हे सगळं बाहेरच्या खोलीत, हलक्या आवाजात. आजी आत चुलीशी वडे तळत असायची, तिच्या कानापर्यंत काही जायचं नाही.

त्या वर्षी आमचे नेहमीचे जोशीबुवा थकले म्हणून त्यांचा मुलगा आला. तरुण, चोख, जरा फटकळ. "गंगा" ऐकल्यावर त्यानं विचारलं, "मास्तर, हे खरं नाव की सांगितलेलं?" अण्णांनी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "चालतं तसं. पण गंगा म्हणजे कुणाचीच आई नव्हे. तुम्ही शिकलेली माणसं, शोधलंत तर सापडेल." अण्णा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. चार दिवसांनी मला म्हणाले, "सुमे, मोडी विसरली नाहीस ना? मला आता बारीक अक्षर दिसत नाही."

मग दिवाळी झाली, थंडी पडली, रानात ज्वारी निसवली, आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की अण्णा आणि मी कचेरीत जायला लागलो. गावोगावची जुनी जन्ममृत्यूची बुकं कापडात बांधून तिथं एका खोलीत ठेवलेली होती. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणत. खोलीला एकच झरोका, आणि वास असा की घरी येऊन अंगावरचं लुगडं झटकलं तरी जात नसे. त्या खोलीचे कारकून म्हणजे शेखसाहेब. अण्णांनी त्यांच्या मुलाला शिकवलं होतं म्हणून ते आम्हाला बसू देत. आजीला आम्ही सांगायचो, जमिनीचा उतारा काढायचाय. ती म्हणायची, "असली कसली जमीन हाय आपली? कचेरीची पायरी झिजली, उतारा काय निघंना." आणि आमच्या रुमालात भाकरी-पिठलं बांधून द्यायची. कशाला चाललोय ते तिच्यापासून चोरायचं आणि भाकरी तिचीच खायची, याची अण्णांना लाज वाटायची. झरोक्याखाली बसून जेवताना ते माझ्याकडं बघत नसत.

मला मात्र ती खोली आवडली होती. मोडी लिहिणारे आधी पानभर आडव्या रेघा ओढायचे आणि मग त्यांच्याखाली अक्षरं लटकवत जायचे, वलणीवर कपडे घालावेत तशी. दोन शब्दांत जागा म्हणून सोडायची नाही. सुरुवातीला एका ओळीला मी घटका-घटका लावायची, मग डोळा बसला. माणसं अशी लिहिलेली असायची: तुका बिन मारुती. सखू कोम धोंडी. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. पुरुष कुणाचा तरी बिन, बाई कुणाची तरी कोम. पुष्कळ ठिकाणी तर बाईचं नावच नसायचं, नुसतं "महादूची बायको" किंवा "मुलगी". मी एकदा चिडून बोलले तेव्हा शेखसाहेब म्हणाले, "बेटा, सारा पुरुषाच्या नावावर भरायचा. मग सरकारनं बायांची नावं विचारायची कशाला?" ते हसून म्हणाले होते, पण मला हसू आलं नाही.

मग प्लेगच्या सालाचं आमच्या गावचं बुक हाती लागलं. एरवी महिन्याला एखाददुसरी ओळ. इथं पानंच्या पानं भरलेली, आणि लिहिणाऱ्याचा हात पुढं पुढं वेडावाकडा झालेला. मध्येच अक्षर बदलतं. आधीचा लिहिणारा पळाला की गेला, कोण जाणे. मी बोट ठेवून वाचत होते, अण्णा डोळे मिटून ऐकत होते. आणि मी वाचलं, "राधा कोम गोविंदा. गाठीचा ताप."

अण्णांनी डोळे उघडले, पुस्तकावर वाकून स्वतः वाचलं आणि चक्क मोठ्यानं हसले. शेखसाहेबांनी मान वर केली. "काय झालं मास्तर?"

"अहो, तुमच्या दप्तरानं आमच्या मातोश्रींना मारून टाकलंय. गोविंदाची राधा ती. या घटकेला घरी बसून मिश्री लावत असेल."

"मग दुसरा कुणी गोविंदा असेल. तुमच्या गावात गोविंदांना काय तोटा?"

"ते खरंच," अण्णा म्हणाले. "ह्यातली राधा तिसरीच कोणी तरी. पुढं वाच, सुमे."

मी पुढं वाचलं. तेव्हा आम्हा तिघांनाही काही वावगं वाटलं नाही. दोन माणसांची दोन नावं असणार, हे आम्ही इतकं धरून चाललो होतो की डोळ्यांनी वाचलेलं आम्हाला दिसलं नाही. दोन-तीन पानांपुढं एक ओळ आली: "माळावरील झोपडीतील बाई. नाव सांगणारे कोणी नाही." अण्णा म्हणाले, "थांब." बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "हीच असेल. बांध रुमाल." शेखसाहेबांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. अण्णा पाणी प्यायले आणि त्यांनी डोळे पुसले. हातात उरलेलं पाणीच जणू डोळ्यांना लावतोय, अशा बेतानं.

पुढच्या आठवड्यात चुलत्यांनी हुरड्याला बोलावलं. अण्णांचं मन नव्हतं, पण आजी हट्टाला पेटली. आईला शेजारच्या बाळंतिणीपाशी थांबावं लागलं, म्हणून आम्ही तिघंच सर्व्हिस मोटारीनं घाटापर्यंत गेलो, तिथून पायी. रानात पोचेपर्यंत ऊन कोवळं होतं. चुलत्यानं आगटी पेटवली होती, गोवऱ्यांचा लाल निखारा, त्यात कणसं खोचलेली. आजी आगटीपाशी बसली की दुसऱ्या कुणाला कणसं चोळू देत नसे. तिचे तळवे इतके निबर की चटका कळायचा नाही. ती चोळायची, फुंकायची, आणि पहिली मूठ अण्णांना. पन्नाशीला टेकलेले अण्णा पोरासारखा हात पुढं करायचे.

अण्णांचा चेहरा उतरलेला मला बघवेना. त्यांना हसवावं म्हणून मी बोलून गेले, "आजी, तुला ठाऊक आहे का? कचेरीच्या बुकात तू कधीच मेलीयस. राधा कोम गोविंदा, प्लेगात!"

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली मान घालून सांडलेले दाणे वेचू लागले. चुलता खो-खो हसला. आजीचे हात थांबले नाहीत. तिनं कोंडा फुंकला, दाणे अण्णांच्या ओंजळीत ओतले आणि साधेपणानं म्हणाली, "ती मी न्हवं. त्या बाई."

"कोण बाई?" मी विचारलं.

"ह्याची आई. राधा तिचंच नाव की. मला मागनं दिलं."

निखाऱ्यात एक कणीस तडतडलं. अण्णा म्हणाले, "आई, काय म्हणालीस?"

"आता गं बया! तुला ठावं न्हाई व्हय?" आजीनं पहिल्यांदा मान वर केली. "लग्नात ताटात तांदूळ पसरले, त्यात तुज्या बापानं अंगठीनं नाव काढलं. मला कुटं वाचाया येतंय? बायांनी वाचून दावलं, राधा. म्या म्हनलं, चांगलं हाय. मंग रातच्याला सासू म्हनली, पहिलीचंच ठिवलंय गं, आमच्या जिभंला तेच बसलंय, नवं कुटं शिकत बसायचं. आन् ह्यो टाक घातला गळ्यात." तिनं टाक दोन बोटांत धरला. "मला वाटलं, समद्यांस्नी ठावं हाय. तू म्हाळाला तिचं नाव घेत असशील, असंच म्या धरून चालले की रं."

अण्णा उठले आणि बांधावरून चालत सुटले. ज्वारी उंच होती, लगेच दिसेनासे झाले. परत आले तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा असा की मी तो त्याआधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. ते आजीपुढं गुडघे टेकून बसले, वाकले, तिच्या गळ्यातल्या टाकाला कपाळ लावलं आणि हळूच म्हणाले, "राधा."

"ओ," आजी म्हणाली.

सवयीनं म्हणाली ती. हाक आली म्हणून ओ दिली. मग तिच्या ध्यानात आलं की ही हाक तिला नव्हे. तिनं अण्णांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड आगटीकडं फिरवलं. धूर तिकडं नव्हता, तरी डोळे पुसले.

त्या दुपारी आम्ही फार आनंदात होतो, हे मला आज सांगवत नाही. चुलत्यानं गूळ काढला. अण्णा शेखसाहेबांची, त्या रुमालाची, माझ्या मोडीची गोष्ट रंगवून सांगत होते, आता लपवायचं काही राहिलं नव्हतं. आपल्याला वाचून हसू आलं तीच ती ओळ, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. आजी ऐकत होती, हसतही होती. पुढचं कणीस चोळत होती, पण मध्येच थांबून कुणाच्या तरी तोंडाकडं बघायची, जरा वाट बघायची, आणि परत चोळायला लागायची. कशाची वाट बघत होती ते घाट उतरताना माझ्या डोक्यात आलं.

अण्णा पुढं झपाझप चालले होते. मी आजीचा हात धरला होता. विचारलं, "मग आजी, तुझं नाव काय होतं? आधीचं, माहेरचं?"

ती थांबली. मिश्रीची पिंक टाकली. "लवकर इचारलंस."

"सांग ना."

"तुला न्हाई. तुज्या बापानं इचारलं की सांगीन."

"का? मला सांगितलंस तर काय होतंय?"

"तू नात. तू न्हाई इचारलंस तरी चालतंय. त्यानं इचारायला पायजे. ल्योक हाय त्यो माजा."

रागावून नाही बोलली. हौस असते ना एखादी माणसाची, तशी बोलली. लेकानं एकदा आपल्यासाठीही काही शोधावं, कचेरीत नको, नुसतं समोर बसून, एवढीच ती हौस.

मी घरी पोचल्यावर अण्णांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "अरेरे," म्हणाले. "अरेरे, सुमे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." आणि मग म्हणाले, "विचारतो." पण तो क्षण गेला होता. रानात, आगटीपाशी, बोलण्याच्या ओघात जे सहज विचारता आलं असतं, ते आता मुद्दाम विचारावं लागणार होतं. जिच्या हातचं आयुष्यभर खाल्लं तिला तिचं नाव विचारायचं म्हणजे आजवर विचारलं नाही हे आधी कबूल करायचं. अण्णा आत जायचे, तिच्या अंथरुणापाशी बसायचे. मी बाहेरून कान देऊन ऐकायची. "आई, थंडी वाजते का?" "आई, मिश्री संपली का?" "आई, पाय चेपू का?" आणि उठून यायचे. संक्रांतीला तिळगूळ देताना म्हणाले, "आई, एक विचारायचं होतं." ती म्हणाली, "इचार की." तेवढ्यात शेजारच्या बाया हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या. शिमग्याला तीच एकदा म्हणाली, "मास्तर, काय इचारायचं ऱ्हायलंय का?" थट्टेत कधी कधी ती त्यांना मास्तर म्हणायची. अण्णा म्हणाले, "नाही, काही नाही." मला वाटलं, धावत जावं आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत.

चैत्रात तिला ताप भरला. वैद्य म्हणाले, उन्हाचा आहे, उतरेल. अण्णा शाळेला न जाता उशाशी बसून राहिले. ती शुद्धीवर होती, बोलत होती, आईला लोणच्याच्या कैऱ्या कुठून आणायच्या ते सांगत होती. अण्णांना वाटलं, आत्ता नाव विचारलं तर तिला वाटेल आपण चाललो. बरी झाली की विचारू. तिसऱ्या दिवशी दुपारी आई तिच्यासाठी पेज घेऊन गेली तेव्हा ती गेलेली होती. हात गळ्यातल्या टाकावर होता.

दहाव्याला, तेराव्याला घाईगर्दीत राधा म्हणूनच पाणी सोडलं गेलं. जोशीबुवांना तेच नाव माहीत होतं. अण्णांनी प्रत्येक वेळी खाली मान घातली.

मग आम्ही पुन्हा दप्तरं काढली. तिचं माहेर शिंगणापूर. तिच्या बापाचं नाव खंडू, एवढं अण्णांना माहीत होतं. शेखसाहेबांनी चिठ्ठी दिली म्हणून नेवाशाच्या कचेरीत बसू दिलं. मी जन्माचं बुक उघडलं आणि अण्णा पुन्हा डोळे मिटून बसले. खंडूच्या घरची ओळ सापडली. "खंडू यास मुलगी." नावाच्या जागी नुसती रेघ, जन्म सांगायला गेला तेव्हा बारसं व्हायचं होतं. त्याच्या पुढच्या सालात पुन्हा "खंडू यास मुलगी", पुन्हा रेघ. यातली आजी कोणती, तेही कळलं नाही. तसेच आम्ही शिंगणापूरला गेलो. त्या गावात घरांना दारं नाहीत. चौकटीतून सरळ आत, चुलीपर्यंत दिसतं. खंडूच्या घराण्यातलं कोणी उरलं नव्हतं. पारावरच्या एका म्हाताऱ्याला आठवण होती. "खंडूची पोर व्हय? नगरकडं दिल्ती, बिजवराला. नाव... काय तरी चांगलं हुतं बघा." त्यानं खूप आठवून बघितलं. अण्णा त्याच्यासमोर उकिडवे बसून होते, ऊन डोक्यावर येईपर्यंत.

एकेकदा वाटतं, पहिल्या वेळी दप्तरात नाव होतं आणि आम्हाला माणूस कळलं नाही. दुसऱ्या वेळी माणूस समोर होतं आणि त्याला विचारायचं सोडून आम्ही दप्तर धुंडलं. नातू म्हणतो, आता जुनं सगळं स्कॅन करून ठेवलंय, मोबाईलवर बघता येतं. मागच्या वर्षी त्यानं हौसेनं पुष्कळ शोधलं. मी त्याला अडवलं नाही. पण मला ठाऊक आहे तिथं काय आहे, एक रेघ आहे.

वर्षश्राद्धाला अण्णांनी सोनाराकडून आजीचा टाक करून घेतला. सोनाराकडं बाईचा ठसा एकच, त्यामुळं दोन्ही टाकांवरची बाई अगदी तीच. ते दोन्ही आज माझ्या देवघरात आहेत. ओळखायची खूण एवढीच की जुना टाक आजीच्या गळ्यावर घासून घासून गुळगुळीत झालाय, त्यातल्या बाईचं तोंड पुसलं गेलंय. नव्या टाकातल्या बाईचे नाकडोळे सगळे स्वच्छ दिसतात. अण्णा असेपर्यंत जेवताना पहिला घास दोन्ही टाकांना लावत, आणि आता मी लावते.

तिचं वर्ष झालं आणि भाद्रपदात म्हाळ आला. या वेळी वडे आईनं तळले. तेच तरुण जोशीबुवा पाटावर बसले, अण्णा समोर. वडिलांचं नाव झालं, आजोबांचं, पणजोबांचं. मग जोशीबुवा म्हणाले, "आता आई." अण्णांनी ताठ बसून, आत चुलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "राधा." आणि पाणी सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या आईला तिच्या नावानं पाणी दिलं.

"आता सापत्न माता," जोशीबुवा म्हणाले, आणि नाव माहीत असल्यानं न थांबता पुढं म्हणून गेले, "राधा..."

"नाही," अण्णा म्हणाले. "ते आईचं नाव."

"मग यांचं?"

अण्णा आतल्या दाराकडं बघत राहिले. दारात कोणी नव्हतं. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळायला लागलं होतं, म्हणून जोशीबुवांनी तांब्यातून आणखी थोडं घातलं.

"गंगा म्हणा," अण्णा म्हणाले.